बोटीत बसायला जाताय, तर पायात काय घालणार?

आमच्याकडे बोटिंगचा प्लॅन ठरला की डब्यात काय न्यायचं यावर तासभर चर्चा होते, लेकरांच्या टोप्या, सनस्क्रीन, पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक सगळं आदल्या रात्री निघतं, आणि पायात काय घालायचं ते मात्र निघताना दारात ठरतं, समोर जी चप्पल दिसली ती. मी पण वर्षानुवर्षं हेच करत होते. तीन वर्षांआधी हिवाळ्यात आम्ही सगळे एका तलावावर गेलो होतो, आत्याने लग्नाला घेतलेल्या नव्या सँडल घातल्या होत्या, खाली गुळगुळीत सोल आणि दीड इंचाची टाच. जेट्टीवरून बोटीत पाय टाकला, बोट जरा हलली, पुढचा पाय सरकला आणि ती हातावर पडली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. लाइफ जॅकेट घातलं होतं, बोटवाल्या दादांनी हात धरला होता, पाणी शांत होतं, सगळं नीट होतं, चुकला तो फक्त सोल. तेव्हापासून आमच्या ग्रुपमधे कोणीही बोटिंगला निघालं की मी आधी पायाकडे बघते, आणि इतक्या जणांना तेच तेच सांगून झालंय की म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच काढू.

आपल्या नागपुरात दुकानात जाऊन "बोटिंगचे शूज दाखवा" म्हटलं तर दुकानदार ट्रेकिंगचे नाहीतर पावसाळी सँडल काढून देतो, त्याचा काही दोष नाही, इकडे तशी मागणीच नाही. म्हणून नाव न विचारता गुण ओळखून घ्यायला शिकावं लागतं. ते शिकलात तर आठशे-नऊशे रुपयांत पण काम होतं आणि नाही शिकलात तर चार हजाराचा जोडा पण पाडतो.

पहिले ठरवा जायचं कुठे आहे

हे सगळ्यात आधी, कारण प्रत्येक जागेचा काठ वेगळा आणि बोट वेगळी. खिंडसीला जाणार असाल, म्हणजे रामटेकजवळ, आपल्याकडून ५० किलोमीटरच्या आसपास, तर बहुतेक जण सकाळी गडावर रामाचं दर्शन घेतात आणि मग तलावावर येतात, म्हणजे त्याच जोड्यात पायऱ्या चढायच्या, मंदिराबाहेर काढायचे-घालायचे, आणि मग बोटीत बसायचं. तिथे लेसवाले शूज म्हणजे कटकट, वेल्क्रोचे बरे. पेंचकडे कोलितमाऱ्याला किंवा गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधला गेलात तर माती, गवत, काटे हे पण हिशोबात धरा. भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून बोट जाते ते दृश्य सगळ्यांना माहीत असतं, पण बोटीपर्यंत जायला घाटाच्या पायऱ्या असतात आणि त्या दिवसभर हजारो ओल्या पायांनी ओल्याच राहतात, हे तिथे पोचल्यावरच कळतं.

कोकणात गेलात तर विषयच बदलतो. राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या बोटी जातात, किल्ल्याच्या दरवाज्यापाशी बोट लाटेवर वर-खाली होत असते आणि त्या हलत्या बोटीतून तुम्हाला ओल्या पायऱ्यांवर पाय टाकायचा असतो. मालवणहून सिंधुदुर्गला जाताना पण जेट्टीवर खारं पाणी उडतच असतं. आणि समुद्राच्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड ब्लेडसारखी, अनवाणी पाय ठेवला की चिरलाच समजा.

आता आपल्याच तलावांबद्दल थोडं जास्त सांगते कारण हे कोणी सांगत नाही. पावसाळ्यानंतर तलाव भरलेला असतो तेव्हा पाणी बांधापर्यंत, पायऱ्यांपर्यंत असतं, तुम्ही सरळ काँक्रीटवरून बोटीत. पण एप्रिल-मे मधे पाणी मागे सरकतं आणि मधे काळ्या मातीचा पट्टा उघडा पडतो. ही काळी माती वरून सुकलेली दिसते, भेगा पडलेल्या असतात, आणि खाली लोण्यासारखी मऊ. पाय आत गेला की ती धरून ठेवते, तुम्ही पाय ओढता आणि चप्पल आतच राहते. विदर्भातल्या बऱ्याच तलावांत शिंगाड्याची शेती होते, उपासाला आपण जो खातो तोच शिंगाडा, त्याच्या फळाला काटे असतात आणि जुनी फळं तळाशी चिखलात पडून असतात, डोंग्यातून काम करणाऱ्या ढिवर मंडळींना विचारा, ते सांगतील तळव्यात गेलेला शिंगाड्याचा काटा काय असतो. त्यात मासे पकडायचे तुटलेले गळ, बाटल्यांच्या काचा, आणि जिथे वर्षानुवर्षं विसर्जन व्हायचं तिथे जुन्या मूर्तींमधल्या तारा आणि खिळे. म्हणून काठावर अनवाणी उतरायचं नाही, कितीही छान वाटत असलं तरी. पातळ फोमची चप्पल पण नको, गळ किंवा खिळा तिच्यातून आरपार जातो.

खरी गोष्ट सोलची आहे

ओल्या फरशीवर पाय का घसरतो? कारण सोल आणि फरशीच्या मधे पाण्याचा एक पातळ थर अडकतो आणि तुम्ही त्या थरावर उभे असता, फरशीवर नाही. जो सोल ते पाणी पटकन बाजूला ढकलतो तो पकडतो, जो नाही ढकलत तो सरकतो, बस इतकंच आहे हे.

१९३५ मधे अमेरिकेत पॉल स्पेरी नावाच्या माणसाने हा प्रश्न सोडवला. त्याला शिडाच्या बोटीचा नाद, डेकवर पाय घसरायचा. एकदा हिवाळ्यात त्याचा प्रिन्स नावाचा कॉकर स्पॅनियल कुत्रा बर्फावरून न घसरता पळताना त्याने पाहिला, कुत्र्याचा पंजा उचलून पाहिला तर त्यावर बारीक बारीक भेगा. मग त्याने रबराच्या सोलमधे चाकूने तशाच नागमोडी चिरा पाडल्या आणि पकड मिळाली. आज ज्याला बोट शूज म्हणतात त्याची सुरुवात ही. सोल सपाट आणि मऊ, आणि त्यात ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा. पाय टेकला की चिरा उघडतात, पाणी त्यात शिरतं, आणि चिरांच्या कडा फरशी पुसल्यासारखी कोरडी करतात. गाडीच्या टायरवर पण बारीक चिरा दिसतात, काम तेच.

आता यातून एक गोष्ट निघते जी लोकांना पटत नाही. ट्रेकिंग शूजचे मोठे मोठे दात बघून वाटतं की हे काय घसरणार! पण ते दात मातीत रुतायला बनवलेले असतात. फायबरच्या गुळगुळीत ओल्या डेकवर दातांचे फक्त टोकच टेकतात, म्हणजे जमिनीला लागणारा भागच कमी, आणि बऱ्याच ट्रेकिंग शूजचं रबर टिकाऊ असावं म्हणून कडक ठेवलेलं असतं. वरून दातांमधे खडे अडकतात ते बोटीच्या फ्लोअरला ओरखडे पाडतात. म्हणजे चिखलाला दात पाहिजेत आणि बोटीला सपाट मऊ सोल पाहिजे, ही दोन कामं एकाच जोड्याला पूर्ण जमत नाहीत. मी काय करते ते पुढे सांगते.

सोल कशाचा आहे ते ओळखा. बऱ्याच जोड्यांच्या खाली किंवा आतल्या लेबलवर लिहिलेलं असतं. रबर असेल तर हाताला जड लागतं, वास येतो, नख दाबलं की दबतं आणि परत वर येतं. हे सगळ्यात चांगलं, आणि जितकं मऊ तितकी पकड जास्त आणि झीज पण जास्त, ते मान्य करूनच घ्यायचं. टीपीआर म्हणजे रबरासारखं लवचीक प्लास्टिक, ते मधलं, चालतं, पण जोड्या-जोड्यात फरक असतो. पीव्हीसी म्हणजे स्वस्त पावसाळी सँडलचं चमकदार प्लास्टिक, पाण्याने खराब होत नाही हे खरं, पण ओल्या टाइलवर भरोसा ठेवू नका, आणि थंडीत सकाळी ते अजून कडक होतं. ईव्हीए म्हणजे तो हलका फोम, क्रॉक्स आणि तसे दिसणारे क्लॉग हे याच्याच जवळपासच्या मटेरियलचे. क्रॉक्स २००२ च्या सुमारास अमेरिकेत बोटिंगचे जोडे म्हणूनच आले होते, पाण्यावर तरंगतात, भोकांतून पाणी निघून जातं, वजन काहीच नाही, हे सगळे गुण खरेच. पण फोमचा सोल घासला गेला, खालची नक्षी गेली, की ओल्या गुळगुळीत जागेवर तो सरकतो. म्हणजे फोमचा जोडा घ्या, पण खाली रबराचे तुकडे बसवलेले असतील तो घ्या, आणि नक्षी गेली की घरात वापरायला काढा.

काळा सोल की पांढरा, हा प्रश्न पण येतो. काही काळे सोल पांढऱ्या फायबरच्या बोटीवर काळ्या रेघा ओढतात, त्या निघता निघत नाहीत, म्हणून चांगल्या बोटीवर आणि क्लबात नॉन-मार्किंग सोल मागतात. पण रंगावरून ठरवू नका, सगळे काळे सोल डाग पाडत नाहीत आणि सगळे पांढरे पकडत नाहीत. एक पांढरा कागद कडक जागेवर ठेवा, सोल जोरात घासा, रेघ आली तर डाग पाडणारा.

आणि इथेच आपल्यासाठी एक सोपा मार्ग आहे. बॅडमिंटनचे शूज. नागपुरात कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतात, लाकडी कोर्टवर चालायला बनवलेले, म्हणून सोल सपाट, गम रबरचा, नॉन-मार्किंग. खिंडसीला पेडल बोट किंवा मोटरबोटमधे अर्धा-एक तास कोरडं बसून यायचं असेल तर ते मस्त काम करतात. कमी एवढीच की वरचा भाग जाळीचा आणि आत फोम, एकदा भिजले की दोन दिवस वाळत नाहीत. पाण्यात उतरायचं असेल तर ते नको.

पायात राहिलं पाहिजे, आणि पाहिजे तेव्हा निघालं पण पाहिजे

हवाई चप्पल आपली सगळ्यांची लाडकी, आणि खरं सांगते नव्या रबरी हवाई चपलेचा सोल ओल्या फरशीवर वाईट नसतो. अडचण वेगळीच. टाच मोकळी असते, त्यामुळे ओला पाय चपलेच्या आतच सरकतो, सोलने फरशी धरलेली आणि पाय पुढे गेलेला. अंगठा निसटतो तो नेमका बोटीत चढताना. दोर पडलेला असेल तर चपलेचं पुढचं टोक त्यात अडकतं. आणि पेडल बोटमधे पेडल मारताना चप्पल खाली सुटते, मग माणूस वाकून ती शोधायला लागतो, बोट एका बाजूला कलते. म्हणून नियम साधा, मागून पट्टा पाहिजे. फ्लोटर्स, सँडल, मागे पट्टा असलेले क्लॉग, काहीही, पण टाच धरली गेली पाहिजे. क्लॉगचा पट्टा पुढे सरकवून स्टाइलमधे घालतात पोट्टे, बोटीत तो मागे घ्यायलाच लावा.

पेडल बोटसाठी अजून एक, लेस लांब लोंबत ठेवू नका, पेडलच्या दांड्यात गुंडाळली जाते. ओढणी आणि साडीच्या निऱ्यांचं पण तेच. कयाकमधे बसणार असाल, बंद प्रकारचा, ज्यात पाय आत सरकवतात, तर जाड सोलचे जोडे नकोच, पाय अडकतात, आणि सँडलचे मोकळे पट्टे-बकल आतल्या पाय टेकवायच्या खुंटीला अडकू शकतात, कयाक उलटली तर पाय सहज बाहेर आला पाहिजे. तिथे पातळ सोलचे, अंगाला बसणारे ॲक्वा शूज चांगले. डेकॅथलॉनसारख्या दुकानात मिळतात ते मोज्यासारखे असतात, बोटांना झाकतात, पाणी जातं, सुकतात लवकर. पण त्यांचा सोल पातळ, काठावरच्या शिंगाड्याला आणि काचेला ते पुरत नाहीत, हे लक्षात ठेवा.

गमबूट आणि भारी बुटांबद्दल लोक म्हणतात की पाण्यात पडलो तर बुटात पाणी भरून माणूस खाली ओढला जातो. नेमकं तसं नसतं. पाण्यात असताना बुटातल्या पाण्याला वेगळं वजन नसतं, ते आजूबाजूच्या पाण्यासारखंच. त्रास दुसरा होतो, भरलेल्या बुटाने पाय मारता येत नाहीत, दम लवकर जातो, आणि बोटीत परत चढायला पाय पाण्याबाहेर काढला की मग ते सगळं वजन एकदम जाणवतं. चढणं अवघड होतं, ओढणाऱ्यालाही अवघड. म्हणून सैल गमबूट बोटीत नको. हलका, पाणी बाहेर सोडणारा, आणि एका हाताने खेचून काढता येईल असा जोडा पाहिजे. पडलात तर घाबरून आधी जोडे काढायला जाऊ नका, हलके असतील तर राहू द्या, लाइफ जॅकेट तुम्हाला वर ठेवतं, आणि काठाला पाय लागतील तेव्हा तेच जोडे कामाला येतात.

आता दुकानात

सीताबर्डीत घ्या, इतवारीत घ्या, सदरला घ्या, पण संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, सकाळी बरोबर बसलेला जोडा दुपारी बोटीत चावतो. बोटीत मोजे घालणार नसाल तर दुकानात पण मोज्यांशिवाय घालून बघा. ओल्या पायाने पट्टे थोडे सैल पडतात म्हणून आत्ता जरा घट्ट पण न रुतणारा घ्या, टाच उचलली की जोडा पायासोबत उचलला गेला पाहिजे. मग एका पायावर उभे राहा, दुसरा पाय बाजूला टाका, जसा बोटीत टाकाल तसा. पाय आत सरकला तर नको. जोडा हातात घेऊन पुढून वाकवा, बोटांच्या जागी सहज वाकला पाहिजे, मधूनच नाही. टाच उंच नको, आणि पुढून-मागून चढलेला जाड सोल पण नको, हलणाऱ्या बोटीत जितके जमिनीजवळ तितके स्थिर.

दुकानदाराला मी सरळ विचारते, "दादा, एक ओला कपडा मिळेल का?" टाइलवर ओला कपडा फिरवायचा आणि त्यावर उभं राहून बघायचं, शेजारी भिंत किंवा काउंटर धरून. सुरुवातीला लोक बघायचे, आता मला काही वाटत नाही. बरेच दुकानदार खुशीने देतात, एकाने तर स्वतः तीन जोडे ओले करून दाखवले.

वरचा भाग कापडाचा किंवा सिंथेटिक घ्या, आत जाड फोम नको, बकल प्लास्टिकचं बरं, लोखंडी असेल तर कोकणात एका ट्रिपमधे गंजतं. लेदरचे खरे बोट शूज मिळतात, दिसायला छान, फॅशनमधे पण आहेत, पण फॅशनवाल्यांच्या सोलमधे बऱ्याचदा चिराच नसतात, नुसता पांढरा सोल लावलेला असतो, उलटा करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कोल्हापुरी बोटीत अजिबात नको, चामड्याचा तळ ओला झाला की गुळगुळीत होतो आणि चप्पल पण वाया जाते.

नवीन जोडा घ्यायचाच नसेल तर घरात एखादी चांगली सँडल आहे पण सोल घासलाय, ती मोचीकडे न्या, मऊ रबराचा सोल शिवून द्या म्हणा, नुसता चिकटवून नाही. मी आईच्या सँडलला तसाच बसवून घेतला, दोन हिवाळे झाले.

घरची परीक्षा

घेऊन आलात की लगेच पाण्यावर नेऊ नका. नव्या सोलवर साच्यातून काढतानाचा एक गुळगुळीत थर असतो, तो गेल्याशिवाय खरी पकड येत नाही. दोन-चार दिवस रस्त्यावर चाला किंवा बारीक सँडपेपर हलका फिरवा. मग बाथरूमची किंवा गच्चीची टाइल ओली करा, नळाला किंवा दाराला हात धरा, आणि हळूहळू वजन टाकत पाय पुढे ढकलून बघा, मग बाजूला, मग मागे. लोक फक्त पुढे बघतात, बोटीत पाय बाजूला सरकतो. जुनी चप्पल आणि नवा जोडा एक एक पायात घालून बघितलं की फरक लगेच कळतो. अनवाणी ओल्या पायापेक्षा जो जोडा जास्त सरकतो तो बोटीत न्यायचा नाही, ही माझी कसोटी.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच पाहिजे. शेवाळ. हिरवं चकचकीत शेवाळ असेल तिथे कुठलाच सोल पूर्ण धरत नाही, महागातला पण नाही. तिथे दुसऱ्या बाजूने जा, नाहीतर हात धरून, छोटी पावलं, पाय सपाट टेकवत.

लेकरं, म्हातारी माणसं, शुगरवाले

लेकरांना आपण पुढच्या वर्षी पण होतील म्हणून एक नंबर मोठे जोडे घेतो. शाळेला चालेल, बोटीला नाही. मोठ्या जोड्यात लेकरू स्वतःच्याच पायात अडकतं. बोटीसाठी बरोबर मापाचे, मागून पट्ट्याचे घ्या, स्वस्तातले घ्या वाटल्यास.

म्हाताऱ्या माणसांना मऊ पण पातळ सोल पाहिजे, जाड गादीसारख्या सोलमधे पायाखाली काय आहे ते कळत नाही आणि तोल जातो. आईला भेडाघाटला नर्मदा मैयाच्या पाण्यात चप्पल घालून पाय ठेवायचा नव्हता, तिची श्रद्धा, मी वाद घातला नाही, फक्त पायऱ्यांवर आणि बोटीत चढेपर्यंत जोडे घालायला लावले, आत बसल्यावर काढून मांडीवर घेतले तिने, उतरताना परत घातले. साडी नेसलेल्या असाल तर निऱ्या दोन बोटं वर खोचा, सँडलच्या बकलमधे निरी अडकते ती उतरताना.

घरात कोणाला शुगर असेल तर त्यांना एक क्षण पण अनवाणी ठेवू नका, ना जेट्टीवर ना काठावर. बऱ्याच वर्षांच्या शुगरमधे पायाची संवेदना कमी होते, काच गेली किंवा चटका बसला तरी कळत नाही. आपल्याकडे मार्चपासूनच दुपारी काँक्रीट आणि पत्रा इतका तापतो की धडधाकट माणूस पण पाय ठेवू शकत नाही, त्यांना तो चटका जाणवणारच नाही आणि फोड घरी आल्यावर दिसेल. त्यांच्यासाठी बोटं झाकलेला जोडा, घालण्याआधी आत हात फिरवून खडा वगैरे नाही ना ते बघायचं, आणि घरी आल्यावर तळवे, बोटांच्या मधली जागा उजेडात बघायची. पायाला आधीच जखम असेल तर तलावाच्या पाण्यात पाय घालूच नका, उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो आणि त्याचे जंतू जखमेतून सहज आत शिरतात.

त्या दिवशी

मी दोन जोडे नेते. काठापर्यंत दातांचे जुने फ्लोटर्स, बोटीचे वेगळे पिशवीत. काठावर बसून बदलायचे, चिखलाचे पिशवीत टाकून गाडीत नाहीतर सोबत. दोन नेणं जमत नसेल तर चढायच्या आधी सोल पाण्यात खळखळून धुवा आणि कपड्याने पुसा, कारण चिखल भरलेला सोल हा सोलच नसतो, सोबत फडकं ठेवा. मोटरबोटीत इंजिनजवळ पेट्रोल-ऑइल सांडलेलं असतं, त्यावर पाय पडला की तिथून पुढे प्रत्येक पाऊल घसरतं, भांडी घासायच्या साबणाने धुतलं की जातं.

चढताना एका वेळी एकच माणूस, बोटीच्या काठावर नाही तर मधोमध पाय, उडी नाही, हातात मोबाईल नाही. बसलात की जोडे काढून पाय मोकळे करायची सवय असते आपल्याला, आत बसून चालेल, पण उठताना आधी जोडे, मग उठणं.

घरी आल्यावर

खाऱ्या पाण्यातून आलात तर गोड्या पाण्याने धुवाच, मीठ आत राहिलं की ओल धरून ठेवतं, लेदर कडक होतं, बकल खातं. तलावातून आलात तरी धुवा, काळ्या मातीचा वास जात नाही नाहीतर. आत वर्तमानपत्र कोंबा, दोनदा बदला, आणि सावलीत पंख्याखाली वाळवा. गच्चीवर आपल्या उन्हात नाही, डिंक सुटतो, आणि फोमचे जोडे तर आकसतात. बंद गाडीत मे महिन्यात क्लॉग ठेवले तर संध्याकाळी एक नंबर लहान झालेले मिळतील, आमच्याकडे भाच्याचे झालेत. पायाच्या बोटांमधली जागा टॉवेलने कोरडी करा, ओले जोडे तासन् तास घातले की चिखल्या होतात आणि त्या महिनाभर त्रास देतात. ओले कॉटनचे मोजे त्याहून वाईट, बोटीत कॉटन मोजे घालूच नका.

आणि वर्षातून एकदा-दोनदाच घालता असे जोडे असतील तर त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा, सोल असेल तर तो नुसता कपाटात ठेवला तरी हवेतल्या दमटपणाने आतून कुजत जातो, बाहेरून नवाकोरा दिसतो आणि चार पावलं चाललं की भुगा पडतो. आमच्या भाऊजींचा सोल मालवणच्या जेट्टीवर अर्धा निघून आला. म्हणून ट्रिपच्या आदल्या रात्री नाही, आठ दिवस आधी जोडे बाहेर काढा, सोल दोन्ही हातांनी वाकवून बघा, बोटाने खरवडा, भेगा दिसल्या किंवा पावडर निघाली तर लगेच मोचीकडे द्या, म्हणजे त्या आठ दिवसांतच नवा सोल शिवून पण होतो आणि दोन दिवस रस्त्यावर चालून बघायला पण वेळ मिळतो.